नखाला लागणारी खाच

मागच्या चाकातून तेल गळणारी जीप आली, की गिऱ्हाईक बहुतेक वेळा नवं ऑइल सील खिशात घेऊनच येतं. गेल्या पावसाळ्यात बदललेलं सील पुन्हा गळायला लागलं, म्हणजे माल डुप्लिकेट निघाला, असं त्याचं ठाम मत असतं. कधीकधी ते खरंही असतं. पण मी आधी ॲक्सल शाफ्ट बाहेर काढतो, स्वच्छ पुसतो आणि सील जिथे घासतं त्या पट्ट्यावरून नख लांबीच्या दिशेने ओढतो. नख अडकलं, की हजार सीलं बदलून उपयोग नाही.

मऊ रबर कडक पोलादाला खाच कशी पाडतं, हे नव्या पोरांना लवकर पटत नाही. खाच रबर पाडतच नाही. आमच्या कोल्हापूरकडून कोकणात ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या चाकात तांबडी धूळ जाते, पावसाळ्यात चिखल जातो. त्यातले कण सीलच्या लिपमध्ये, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेत, रुतून बसतात आणि लिपचा पॉलिश पेपर होतो. मागची स्प्रिंग ही लिप शाफ्टवर दाबून धरते. लिप आणि शाफ्टमध्ये तेलाचा थर असतो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तिथे खाच पडल्यावर महागडं सीलसुद्धा काय अडवणार? फक्त शाफ्टला दोष देण्याआधी ब्रीदर बघायचा. ॲक्सलच्या हौसिंगवरचा हवा सोडणारा तो छोटा ब्रीदर मातीने बुजला असेल, तर आतली तापलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते आणि शाफ्ट उगाच बदनाम होतो.

खाच दिसली की पुष्कळ जण सांगतात, वेल्डिंग भरा आणि लेथवर उतरवून घ्या. सेमी फ्लोटिंग ॲक्सलवर मी हे करू देत नाही. ट्रकच्या फुल फ्लोटिंगमध्ये वजन हौसिंग पेलतं, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. इथे एकच शाफ्ट चाकही फिरवतो आणि वजनही पेलतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात त्याच्यावर वाकण्याचा ताण उलटसुलट येतो. वेल्डिंगच्या आचेने पाणी दिलेलं पोलाद कुठे मऊ पडतं, कुठे ठिसूळ होतं, आणि बारीक चीर तिथेच धरते. असा शाफ्ट करूळ घाटात तुटला तर चाकच निखळेल. तेल थांबवण्यासाठी माणसांचा जीव टांगणीला लावायचा नाही.

नखाला न लागणारा ओरखडा असेल, तर नुसतं पॉलिश पुरतं. पण पॉलिश पेपर फिरत्या शाफ्टवर पुढे सरकवत नेला, की डोळ्यांना न दिसणारे आटे पडतात आणि तेच आटे तेल बाहेर ओढतात. ते तपासायची रीत मला फार आवडते. शाफ्ट लेथवर आडवा धरायचा, पातळ तेलाचा हात फिरवायचा, त्यावर सुती दोरा टाकून खाली 30 ग्रॅमचं वजन लटकवायचं आणि मिनिटाला 60 फेऱ्यांनी शाफ्ट फिरवायचा. दोरा जागेवर राहिला तर काम चोख. एका बाजूला चालू लागला आणि शाफ्ट उलटा फिरवल्यावर दुसरीकडे गेला, तर आटे आहेतच; मग टर्नर कितीही जुना ओळखीचा असो, शाफ्ट परत उद्यमनगरातल्या त्याच्या लेथवर जातो.

खोल खाचेसाठी आधी सील दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे बसतंय का बघतो, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते. हौसिंगमध्ये तेवढी जागा नसली तर स्लीव्ह. स्टेनलेसची ही नळी पाव मिलिमीटरच्या आसपास जाड, त्यामुळे मूळ मापाचंच सील चालतं. खाचेत मेटल एपॉक्सी भरायचं आणि ते ओलं असतानाच स्लीव्ह सरळ, हळूहळू चढवायची. एकदा तिरकी बसली की ती फेकूनच द्यावी लागते.

शेवटी गळक्या तेलाने भिजलेल्या ब्रेक लायनरवरून वाद होतो. पेट्रोलने धुऊन चालतील ना, असं गिऱ्हाईक विचारतं. नाही चालत. तेल आत मुरलेलं असतं. ड्रम तापला की ते वर येतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदलायचे. हा खर्च लोकांना जड जातो, हे मला दिसतं. त्यासाठी मी मजुरीत सवलत देतो, लायनरमध्ये नाही.