पुणे ते कोल्हापूर, व्हाया खुराक

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मेलवर आला तेव्हा मी पॅन्ट्रीत उभा राहून शेकर हलवत होतो. क्रिएटिनिन १.४. पुढे ठळक अक्षरांत ‘हाय’! आता मराठी घरात किडनी हा शब्द एकदा उच्चारला गेला की पुढे काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. संध्याकाळपर्यंत तीन मावश्यांना फोन गेले होते आणि फ्रीजवरचा माझा प्रोटीनचा डबा बाल्कनीत कुंड्यांच्या मागे जाऊन बसला होता.

डॉक्टर मात्र निवांत. ‘क्रिएटिन घेता का?’ घेत होतो. रोज पाच ग्रॅम. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे ते घेणाऱ्याचा किंवा आदल्या दिवशी भरपूर वजन उचलून आलेल्याचा आकडा किडनी ठणठणीत असतानाही थोडा वर दिसू शकतो, असं त्यांनी समजावलं. ‘पण त्याचंच आहे हे तुम्ही ठरवायचं नाही, मी ठरवणार. तीन आठवडे सगळं बंद, टेस्टच्या आधी तीन दिवस जिमपण बंद, मग पुन्हा रक्त द्या.’

त्या तीन आठवड्यांत करायचं काय? आई म्हणाली, ‘मामाकडे जाऊन ये कोल्हापूरला. त्यानं उभी हयात खुराक खाल्लाय. त्याला विचार.’ शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटला आणि स्वारगेटहून एसटी पकडली. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे एक झोप. तीही अर्धवट.

मामा स्टँडवर स्कूटर घेऊन हजर. कान मोडलेले, मान खांद्यांत गेलेली, एकेकाळचा पंचाण्णव किलोंचा गडी. ‘आलास व्हय रं? आधी तालमीत जाऊ, मग घरी,’ म्हणाले. पहाटेचे साडेचार वाजले होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला काय दिलं, ते बघायला खासबाग मैदानात जावं. १९१२ साली तयार झालेलं, मधला हौद आणि भोवती चढत गेलेला गोल उतार, कुठेही बसा, कुस्ती दिसणारच. शाहुपुरी तालमीचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. गंगावेश, मोतीबाग, शाहुपुरी ही नावं इथं आपल्याकडच्या कॉलेजांसारखी घेतली जातात. कुणी कुठल्या तालमीतून ‘पास’ झालं, यावरून माणसाची ओळख.

मामांच्या ओळखीच्या तालमीचं दार इतकं बुटकं की मान आपोआप खाली जाते. आत मारुती, त्याच्यासमोर तांबड्या मातीचा हौद. मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मुरलेला. तो वास मी कधीच विसरणार नाही. आमच्या जिममध्ये एसी आणि रूम फ्रेशनर. इथं वीस-बावीस पोरं, एक ट्यूबलाइट आणि वस्तादांचा आवाज. जोर, बैठका, मग लढत. बैठकांचा आकडा मी चारशेपर्यंत मोजला आणि पुढे मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. माझा लेग डे बारा-बाराच्या चार सेटमध्ये संपतो हो! त्यातही मधे मोबाइल.

मेहनत संपल्यावर थंडाई. दगडी कुंडीत भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची. एक पोरगा कुंडी पायांत धरून लाकडी दांड्यानं घोटत बसतो, अर्धा तास. हीसुद्धा मेहनतच. मी भोळेपणानं विचारलं, यात प्रोटीन किती? मग स्वतःच हिशेब केला. मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम बदामांत सहा ग्रॅमच्या आसपास, एका अंड्याइतकं. बाकी बहुतेक सगळी चरबी. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात अठरा-वीस ग्रॅम प्रोटीन, आणि फॅट त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे पैलवानाचा खुराक हा आधी ताकदीचा, कॅलरींचा खुराक आहे. पाच-सहा तास अंग मोडून घेणाऱ्या माणसाला त्या कॅलरी लागतातच. आपण नऊ तास खुर्चीत बसून वर तासभर जिम करतो आणि ‘देशी तेच बेस्ट’ म्हणत तूप ओतायला लागलो, तर वाढणारी गोष्ट बायसेप नसेल.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मामा समोर बसले होते ना. कुस्ती सुटली तेव्हा ते तिशीत होते. ‘मेहनत सुटली बघ, खुराक सुटला न्हाई,’ ते म्हणाले. दूध तेवढंच, तूप तेवढंच, मटण तेवढंच. आता दोन वेळा इन्सुलिन आणि जिना चढताना गुडघ्यावर हात. तालमीत सगळे त्यांना वाकून नमस्कार करतात. चहा मात्र बिनसाखरेचा मागवतात.

घरी पोचलो तर मामी श्रीखंडासाठी चक्का बांधत होती. फडक्यातून हिरवट पाणी टपटप पातेल्यात. ते पाणी ती भाकरीच्या पिठात घालते. मी म्हटलं, ‘मामी, याच्याच भावंडाची पावडर मी साडेसहा हजारांना आणतो!’ ती हसून हसून बेजार. व्हे म्हणजे हेच की, चीज करताना उरणारं पाणी. पण तिचं हसणं थांबल्यावर मी पुन्हा आकडेमोड केली. त्या पाण्यात प्रोटीन शंभराला एक टक्कासुद्धा नसतं. एका स्कूपमधलं चोवीस ग्रॅम हवं असेल तर तीन लिटर तरी पाणी प्यावं लागेल. क्रिएटिनचंही तेच. ते मटणात असतं, पण पाच ग्रॅमसाठी किलोभर मटण रोज! कोल्हापूरकरांना यात काही अडचण दिसणार नाही, ते सोडा.

म्हणून डब्याला सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. सत्तर किलोंच्या, नियमित वजन उचलणाऱ्या माणसाला स्नायू वाढवायला दिवसाला किलोमागे दीडेक ग्रॅम, म्हणजे शंभर-एकशेदहा ग्रॅम प्रोटीन उपयोगी पडतं. माझा शाकाहारी डबा मोजला: चार पोळ्या, वाटीभर उसळ, वरण, दही… साठ ग्रॅमच्या आसपास येऊन गाडी थांबते. अंडी, पनीर, सोयाबीन वाढवलं तर भागतं. नाही जमलं तर एक स्कूप. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडर टाळा असं सांगितलंय, मला ते जरा कडक वाटतं. क्रिएटिन मोनोहायड्रेट तर सर्वांत जास्त अभ्यासलेलं, तीन ते पाच ग्रॅम पुरे, आणि मांस न खाणाऱ्यांना त्याचा फरक अनेकदा जास्त जाणवतो. उलट व्यायामाच्या वेळी आम्ही सगळे जे रंगीत बीसीएए पितो ना, ते मी आता सोडलंय. स्नायू बांधायला शरीराला बाहेरून नऊ अमिनो आम्लं लागतात, त्यात ही तीन. जेवणात पुरेसं प्रोटीन असेल तर ती तीन आपोआप येतात. सरबतच प्यायचं तर कोकम काय वाईट?

आणि रिकव्हरी! दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात ते लॅक्टिक ॲसिडमुळे, असं माझा ट्रेनर सांगायचा. ते तर तासाभरात निघूनही जातं. दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, आणि ती इजा झोपेत भरून येते. तालमीत जेवण झालं की पोरांना दुपारी दोन तास झोपायचं, सक्तीनं. वस्तादांचा हुकूम. आमच्याकडे साडेअकराला रात्री क्लायंटचा कॉल.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला हातात. धारोष्ण. न उकळलेलं दूध पिऊ नये हे मला ठाऊक आहे, डॉक्टरही तेच सांगतात. मामांच्या नजरेसमोर मी अर्धा पेला प्यायलो. एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. इथं पाणी घातलं की नाही, हे गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी बघतं. माझ्या डब्यात काय आहे ते मला कोण दाखवणार? २०२४ साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतातल्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मंच. चौदा टक्क्यांत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. माझा स्वतःचा डबा मी एका दुकानातून ‘इम्पोर्टेड, बिलाशिवाय स्वस्त’ म्हणून घेतला होता. शिकलेला माणूस मी!

रविवारी सकाळी तालमीतला एक पोरगा मला खुणेनं वर घेऊन गेला. एकोणीस वर्षांचा, सोलापूरकडचा. खोलीत रांगेनं ट्रंका. त्यानं आपली उघडली, कपड्यांखालून एक मोठा काळा डबा काढला.

‘दादा, तुम्ही पुण्याचं. हे ओरिजनल हाय का बघा की.’

मी बघितलं. बिल नव्हतं. चौदा आकडी एफएसएसएआय नंबर कुठंच नव्हता. घटकांच्या यादीत व्हेच्या मागोमाग ग्लायसीन, टॉरीन. ही स्वस्त अमिनो आम्लं घातली की नायट्रोजन मोजणाऱ्या साध्या चाचणीत प्रोटीन फुगून दिसतं. मी त्याला समजावलं. मग विचारलं, आणखी काय घेतोस? इंजेक्शन? तो म्हणाला, ‘न्हाई, पण जिममधली पोरं देतो म्हणत्यात.’ ऑपरेशनमध्ये रक्तदाब पडला तर भूलतज्ज्ञ देतात ते मेफेंटरमाइन पोरं दम वाढावा म्हणून टोचून घेतात. ते हृदयावर येतं, आणि डोपिंगच्या यादीतही आहे. नरसिंग यादवचं २०१६ मध्ये काय झालं ते त्याला माहीत होतं. रिओला पोचलेला पैलवान. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं म्हणत राहिला, आणि चार वर्षांची बंदी आली. खरं काय, खोटं काय, पण उत्तर पैलवानालाच द्यावं लागतं.

‘पैसे कुठून आणलेस?’

‘बापानं दिलं. दुधाच्या बिलातनं.’

घरी दोन म्हशी. दूध डेअरीला जातं, महिन्याचं बिल येतं आणि त्यातून पोरासाठी दुधाचीच पावडर. मी त्याला म्हटलं, दुकानदाराला पैसे परत माग. तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बापाला सांगू नगा.’ त्याच्या बापाचा नंबर माझ्याकडे असायचं कारणच नव्हतं, तरी मी हो म्हटलं.

त्यानं डबा पुन्हा कपड्यांखाली ठेवला, ट्रंकेला कुलूप लावलं आणि खाली गेला. कुंडी घोटायची पाळी त्याची होती.

माझी दुसरी टेस्ट १.१ आली.