अपडेट? नको रे बाबा!

माझा फोन खरंच स्मार्ट आहे. ऐन कामाच्या वेळी दगा कसा द्यायचा, हे त्याला बरोब्बर कळतं. बोईसर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पैसे देताना हँग. डहाणू लोकलमध्ये संपादकांचा कॉल आला की स्क्रीन काळी. रात्री दोनला मात्र साहेब टकाटक जागे! अठरा हजारांचा फोन, ईएमआयचे अजून चार हप्ते बाकी. कंपनीचं नाव सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यापर्यंत हे सगळं मी हसण्यावारी नेत होते.

अक्करपट्टी आणि पोफरण ही तारापूरच्या किनाऱ्यावरची गावं. अणुऊर्जा केंद्रात 540 मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या आल्या, 2005 आणि 2006 मध्ये सुरूही झाल्या, आणि त्यांच्यासाठी ही गावं उठवली गेली. तिथल्या एका आजींना मी लेखासाठी भेटले. आधी 'माझं काय घेतेस सांगून' म्हणाल्या, मग एकदा सुरुवात झाली ती थांबेचना. होडी कुणाला विकली, सुकटीचा वास नव्या घरात कसा येईनासा झाला, घर सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी अंगण कसं सारवून काढलं... एक तास सात मिनिटं. वहीत मी एक ओळ लिहिली नाही. फोन होता ना!

आदल्याच रात्री फोनने एक अपडेट घेतलं होतं, 'अधिक स्थिर अनुभवासाठी' म्हणे. तेव्हापासून त्याला मध्येच रिस्टार्ट व्हायचा नाद लागला होता. स्टॉप दाबायला बोट नेलं आणि स्क्रीनवर कंपनीचा लोगो. झाला पोपट!

फोन परत सुरू झाला. फाईल दिसत होती, उघडत नव्हती. बोईसरच्या मोबाईल रिपेअरवाल्या पोराने बघितलं आणि सांगितलं, 'मॅडम, आवाज आत असेल, पण फाईलची अनुक्रमणिका स्टॉप दाबल्यावर लिहिली जाते. ती नाही, म्हणून ही प्ले होत नाही.' बरीच खटपट करून त्याच्या हाती नुसती खरखर लागली. वर विचारतो, 'रिसेट मारून देऊ?'

बरं, ही रड माझ्या एकटीची नाही. अपडेटमुळे जुने फोन मंदावले म्हणून 2018 मध्ये इटलीने अॅपल आणि सॅमसंग दोघांना दंड ठोकला. दंड भरून कंपन्या मोकळ्या. आपण मात्र 'आत्ता नको', 'रात्री करा' एवढेच दोन पर्याय बघत बसायचं. 'कधीच नको' हे बटण कुणी देतच नाही. बाबांचा नोकिया 1100 अजून कपाटात आहे. तारापूर एमआयडीसीतल्या रात्रपाळीला ते त्याच्याच टॉर्चवर जायचे. त्यात रेकॉर्डिंग नव्हतं हे कबूल, पण त्याने कधी तसं वचनही दिलं नव्हतं.

आठवड्याने वही-पेन घेऊन मी परत आजींकडे गेले. खूप ओशाळले होते. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पंधरा मिनिटांत. तारखा, होडी, नुकसानभरपाई. जणू तहसीलदारासमोर जबाब देत होत्या. लेखाला पुरेल एवढं होतं, छापूनही आलं.

निघताना मी भीत भीत विचारलं, 'आजी, ते अंगण सारवल्याचं?'

'ते सांगितलं ना बाय तुला मागच्या वेळी,' त्या म्हणाल्या आणि चहाची कपबशी उचलून आत गेल्या.