घाटाची उंची कुठे जाते

डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या वाहनात त्याचे वजन आणि पायथ्यापासूनची उंची यांच्या गुणाकाराइतकी ऊर्जा साठलेली असते. तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात, आणि वाहन उतरू लागले की खाली आलेल्या प्रत्येक मीटरमागे ती मोकळी होत जाते. ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचे केवळ रूप पालटते, हा अक्षय्यतेचा नियम शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आटोपतो. घाटात त्या ओळीचा अर्थ असा की मोकळ्या झालेल्या ऊर्जेला वाट करून दिली नाही, तर ती वेगाच्या, म्हणजे गतिज ऊर्जेच्या रूपाने वाहनातच साचत राहते. म्हणून उतारावर वाहन थांबवताना आधी उंचीचा हिशेब मांडावा लागतो, वेगाचा नंतर.

खंडाळा आणि खोपोली यांच्या उंचीत साधारण 500 मीटरांचा फरक आहे. मालासह 25 टन भरणारा ट्रक बोरघाटातून एवढा खाली येतो तेव्हा सुमारे 12 कोटी 25 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि तोच ट्रक सपाटीवर ताशी 40 किलोमीटर वेगाने धावत असताना त्याच्यातली गतिज ऊर्जा जेमतेम 15 लाख 40 हजार ज्यूल असते. घाट उतरणे म्हणजे ब्रेकच्या दृष्टीने त्या वेगातला ट्रक ओळीने ऐंशी वेळा पूर्ण थांबवणे होय. एवढ्या उष्णतेत चारशे लिटर पाण्याला उकळी फुटेल. यातला साधारण सातवा भाग टायरांच्या लोळण्याला होणाऱ्या विरोधात खर्ची पडतो आणि सावकाश चालणाऱ्या ट्रकला हवेचा अडसर थोडाच असतो. उरलेला सारा भार चालकाने कुठेतरी टाकायचा असतो.

घर्षण म्हणजे एकमेकांवर सरकणाऱ्या पृष्ठभागांचा परस्परविरोध. चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी ड्रमवर ब्रेकचे लायनर दाबले गेले की या विरोधातून गतीची उष्णता होते, पण ती उष्णता ड्रममधून हवेत जाण्याला वेळ लागतो, आणि सगळी मेख या वेळेत आहे. दहा किलोमीटरांचा उतार ताशी 20 किलोमीटर वेगाने उतरल्यास दर सेकंदाला सरासरी 68 किलोज्यूल, तर ताशी 40 ने उतरल्यास 136 किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. उंची तीच, एकूण ऊर्जा तीच, परंतु दुसऱ्या वेळी ती निम्म्या वेळात निघावी लागते.

प्रस्तुत लेखकाने हा घाट दोनदा ट्रकच्या केबिनमध्ये चालकाशेजारी बसून उतरला आहे, आणि वरचे आकडे ज्या अनुभवामुळे कागदावर मांडावेसे वाटले तो पहिल्या प्रवासातला आहे. चालक तरुण होता, गाडी वरच्या गिअरमध्ये होती आणि प्रत्येक वळणाआधी पाय ब्रेकवर जात होता. निम्मा घाट उतरेपर्यंत काही जाणवले नाही; मग जळक्या लायनरचा उग्र, घशात बसणारा वास केबिनमध्ये आला, आणि त्यानंतरच्या दोन वळणांवर ब्रेकचे पेडल आधीपेक्षा खोल जात असल्याचे चालकाच्या गुडघ्यावरूनच दिसत होते. क्लीनरने बोलणे थांबवले. रस्त्याच्या कडेला एक रुंद जागा मिळाली म्हणून गाडी कशीबशी उभी राहिली, क्लीनरने उडी मारून चाकाखाली दगड लावले, आणि चाकांजवळ हात नेता येईना एवढी धग तासभर टिकून होती.

या प्रकाराला ब्रेकचे शिथिल पडणे म्हणता येईल. लायनरमधले राळेसारखे पदार्थ अति तापले की त्यांतून वायू सुटतो, लायनरची पकड घटते, आणि त्याच वेळी ड्रम तापून फुगल्यामुळे लायनरपासून दूर सरकतो. ड्रमांचे एकत्रित वजन 400 किलो धरले आणि उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे मानले, तर घाटाअखेर त्यांचे तापमान 500 अंशांहून अधिक वाढेल. पाय अधिक जोराने दाबल्याने हे संकट टळत नाही, कारण दाबाने मिळणारे अधिकचे घर्षण पुन्हा उष्णताच निर्माण करते.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम याच हिशेबावर उभा आहे. खालच्या गिअरमध्ये चाके इंजिनाला जोराने फिरवतात, आणि हवा दाबण्यात व अंतर्गत घर्षणात खर्च झालेली ऊर्जा धुराड्यातून व रेडिएटरमधून निघून जाते. एक्झॉस्ट ब्रेकमध्ये धुराड्याची वाट झडपेने अडवून हा विरोध आणखी वाढवतात. गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे ही दुसरी वाट स्वतःच्या हाताने बंद करणे होय, आणि त्यातून डिझेल वाचते ही समजूत तर सर्वस्वी चुकीची आहे, कारण गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला इंधन मिळणे थांबते, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवण्यापुरते जळतच राहते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुण्याच्या नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर झालेल्या अपघातांनंतर या सवयीची चर्चा पुन्हा पुन्हा झाली आहे. ती मोडली पाहिजे हे जितक्या वेळा सांगावे तितके थोडे.

पावसात आणखी एक मर्यादा आडवी येते, ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाची. ओल्या रस्त्यावर हे घर्षण वजनाच्या तीन दशांश धरले, तर ताशी 40 किलोमीटर वेगातले वाहन सपाटीवर 21 मीटरांत थांबते, पण दहा मीटरांना एक मीटर उतार असेल तर गुरुत्वाकर्षण त्यातून वजनाचा एक दशांश हिरावून घेते आणि तेच अंतर 31 मीटरांवर जाते.

रेल्वेने हा प्रश्न आणखी मुळाशी जाऊन सोडवला. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा चढ 37 मीटरांस 1 मीटर असा आहे, आणि पोलादी चाकाची पोलादी रुळावरची पकड अल्प असल्याने तो रेल्वेच्या दृष्टीने फार तीव्र ठरतो. तेथे उतरत्या मार्गाला कॅच सायडिंग, म्हणजे चढावर जाणारा बाजूचा रूळ जोडलेला असतो, आणि सांधे एरवी त्याच बाजूला लावलेले असतात. गाडी आधी थांबली तरच तिला मुख्य मार्ग मिळतो. ताबा सुटलेली गाडी त्या चढावर आपली गती पुन्हा उंचीत बदलते: ताशी 60 किलोमीटर वेग संपायला घर्षण नसतानाही 14 मीटरांची उंची पुरते, मग गाडी कितीही वजनाची असो. विजेवरच्या बसमध्ये तर उंचीचा काही भाग बॅटरीत परत येतो, मात्र घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिलाही तो घेता येत नाही.

दुसऱ्या प्रवासात चालक वयस्क होता. खंडाळ्याला उतार लागण्याआधीच त्याने गाडी जवळपास थांबवून तिसरा गिअर टाकला आणि मागच्या वाहनांनी कितीही हॉर्न दिले तरी खोपोलीपर्यंत बदलला नाही. ब्रेक त्याने अधूनमधून, थोडा वेळच लावला. खाली पोचल्यावर ड्रमजवळ हात धरला तर तो कोमट होता, आणि बॉनेटजवळ उभे राहणे मात्र अवघड जात होते.