विश्रांतवाडी ते गंज पेठ : व्हाया मँचेस्टर

गेल्या रविवारी नातीला घेऊन फुलेवाड्यावर गेलो. विश्रांतवाडीच्या चौकात आळंदीहून येणारी स्वारगेटची बस मिळाली. फुलेनगर मागे पडले तेव्हा पोरीने पिशवीतून 'गुलामगिरी' काढली होती. ती आठवीत आहे.

१८६८ साली ज्या घरचा हौद जोतीबांनी अस्पृश्यांना खुला केला, त्याच अंगणात बसून तिने विचारले, "आजोबा, पुस्तक अमेरिकेच्या लोकांना का अर्पण केलंय?"

उत्तराला कापसापासून सुरुवात करावी लागली.

अमेरिकेच्या दक्षिणेत सुमारे ४० लाख काळे गुलाम होते. मळ्यांतला कापूस त्यांच्या घामावर पिकत होता. १८६१ साली ती राज्ये फुटून निघाली. मळेवाल्यांचा हिशेब सरळ होता. इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस आपला. तो अडवला की इंग्रज सरकार झक मारत आपली बाजू घेईल. त्यांनी माल दाबून ठेवला, पुढे उत्तरेच्या आरमाराने बंदरेही कोंडली. १८६२ च्या हिवाळ्यात लँकशायरमध्ये लाखो माणसे मदतीच्या भाकरीवर आली. लिव्हरपूलचे बरेच व्यापारी दक्षिणेकडे झुकले. तिथल्याच नदीकाठी बांधलेले 'अलाबामा' जहाज उत्तरेची गलबते बुडवीत फिरले. पण इंग्लंडने फुटीरांना मान्यता काही दिली नाही. गोदामांत जुना साठा होता, उत्तरेचे धान्य हवे होते, आणि कापूस मुंबईहूनही येऊ लागला होता.

आणखी एक गोष्ट तिला मुद्दाम सांगितली. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून अध्यक्ष लिंकनला पत्र धाडले : गुलामी मोडा, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. चूल थंड असताना! सगळेच मजूर असे नव्हते, हेही खरे. लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला उत्तर लिहून त्यांचे आभार मानले.

इकडे मुंबईत पैशाचा पूर आला. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर भडकले. एप्रिल १८६५ मध्ये लढाई मिटली आणि भाव कोसळले. शेठ बुडाले, काही पुन्हा वर आले. शेतकऱ्याच्या अंगावर मात्र कर्ज राहिले, त्यात सरकारचा वाढीव सारा. १२ मे १८७५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची खतपत्रे जाळली गेली.

अमेरिकेत १८६५ साली कायद्याने गुलामी संपली. आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीबांचे पुस्तक निघाले. काळ्यांना सोडवण्यासाठी झटलेल्या गोऱ्यांचा कित्ता इथल्यांनी गिरवावा, ही त्यांची आशा.

मग माझ्या वडिलांचा विषय निघाला. ते परळला एका गिरणीत सूत कातण्याच्या खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे, आणि महाराचे तोंड लागलेला धोटा बाकीच्या कामगारांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.

पोर म्हणाली, "मँचेस्टरच्या लोकांनी तर गुलामांना पाहिलंही नव्हतं. आणि पणजोबांच्या शेजारी काम करणारे?"

मी काही बोललो नाही. परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. संगमवाडीपर्यंत ती पुस्तकच वाचत होती.