सव्वा किलोचा फरक

यंदा जूनमध्ये ऑफिसने विचारलं, "नवीन लॅपटॉप कुठला हवा? 16 इंची की 14 इंची?" निवड करण्याआधी दोन्ही मशीन पंधरा-पंधरा दिवस वापरून बघायची सोय होती. माझी नोकरी पर्वरीला आणि घर बेळगावात, शहापूरला. बाबा गेल्यापासून तिथे आई एकटीच असते. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी मी मडगावहून दुपारची गाडी पकडतो, सोमवारी घरूनच काम करतो आणि रात्री बसने परत येतो. तेव्हा लॅपटॉपची खरी परीक्षा या वाटेवरच होणार होती.

पहिल्या फेरीला मोठा नेला. मशीन 2.1 किलो, चार्जर 700 ग्रॅम. एका खांद्यावर हे ओझं घेऊन मडगावचा जिना चढताना वजनाचा आकडा नीट समजला. गाडीत मांडीवर ठेवला, तर शेजारच्या काकांना माझं कोपर लागायला लागलं. स्क्रीन मात्र झकास होता. एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला लॉग, मधे हवी तेवढी जागा.

कुळ्याला गाडी बराच वेळ थांबते, कारण घाट चढायला तिथे जादा इंजिनं जोडतात. पुढे दर 37 मीटरला एक मीटर असा चढ आहे. हा लोहमार्ग 1888 सालचा, पोर्तुगीज काळातला. कुळं सुटलं की बोगदे सुरू होतात आणि मोबाईलचं नेटवर्क जातं. माझं काम अर्ध्यावर अडकलं, तरी आता येईल, मग येईल म्हणत मी स्क्रीनकडेच बघत बसलो. दूधसागर आला तेव्हा अख्खा डबा खिडक्यांकडे धावला. माझा लॅपटॉप वायरीने बांधलेला, मांडीवर उघडा. तो सोडून उठणार कसा? जवळजवळ 310 मीटर उंचीचा धबधबा मी लोकांच्या डोक्यांमधून तुकड्या-तुकड्यांत पाहिला.

घरीही तीच गत. बॅटरी लवकर उतरायची, म्हणून आतल्या खोलीतलं टेबल आणि तिथला प्लग एवढीच माझी जागा. सोमवारी आईने जेवणाचं ताट तिथेच आणून ठेवलं आणि न बोलता निघून गेली.

दुसऱ्या फेरीला लहान घेतला. 1.3 किलो, चार्जर अडीचशे ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून सव्वा किलोचा फरक. या वेळी कुळ्यालाच लॅपटॉप मिटला, सॅकमध्ये टाकला आणि खिडकीशी बसलो. पावसाने घाट भरून आला होता. पुलावर गाडी हळू झाली आणि तुषार थेट चेहऱ्यावर आले. मग कॅसलरॉक. एकेकाळी इथे इंग्रजांचा मुलूख संपून पोर्तुगिजांचा सुरू व्हायचा. आज त्या फलाटावर फक्त धुकं आणि चहावाला होता. पुढे लोंढा, खानापूर आणि मग ओळखीचे बेळगावचे दिवे.

सोमवारी मी स्वयंपाकघरात पाटावर बसून, भिंतीला टेकून काम करत होतो. आई समोर मेथी निवडत होती. कुकरची शिट्टी झाली तशी ती उठली आणि मी बघितलं, तिने आधी भिंत धरली, मग कपाट, मग ओटा. तीन पावलं टाकायला तीन आधार.

"आई, काय झालंय?"

"काही नाही रे. न्हाणीघरात पाय सरकला होता."

"कधी?"

"झाले की तीन आठवडे."

म्हणजे मागच्या खेपेला मी घरात होतो तेव्हाही तिला दुखत होतं. मी आतल्या खोलीत होतो, एवढंच.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझी मीटिंग चालू असते. मधेच काय सांगायचं?"

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रेत हाड मोडलेलं नव्हतं, मुका मार होता. आठवड्याभरात न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, खाली न घसरणारी मॅट घातली.

दोष लॅपटॉपचा नव्हता, हे मला कळतं. मोठं मशीन घेऊनही माणूस स्वयंपाकघरात जाऊ शकतो. पण मी गेलो नव्हतो, हेही खरं.

मी 14 इंची घेतला. तोटे आहेत. मोठा प्रोजेक्ट बिल्ड करताना तो तापतो आणि वेळ जास्त घेतो. रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच 32 जीबी घ्यावी लागली. पोर्ट कमी, त्यामुळे एक हब सोबत ठेवतो. स्क्रीनची मात्र भीती होती तेवढा त्रास झाला नाही. माझा जुना लॅपटॉप 15.6 इंची, पण आडवा पसरट होता. नवीन स्क्रीन 16:10 प्रमाणाचा असल्यामुळे उंचीला जुन्यापेक्षा जेमतेम अर्धा सेंटीमीटर कमी भरतो. कोडच्या ओळी जवळपास तेवढ्याच दिसतात. पर्वरीच्या खोलीवर 24 इंची मॉनिटर आणलाय, तिथे डोळ्यांना आराम मिळतो.

तुमच्यापैकी कोणी व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम करत असेल आणि मशीन टेबलावरून हलणारच नसेल, तर खुशाल मोठा घ्या. पण दर पंधरा दिवसांनी घराची वाट धरणार असाल, तर दुकानात नुसता स्क्रीन बघू नका. चार्जरसकट सॅकमध्ये घालून, सॅक खांद्याला लावून दहा मिनिटं उभे राहून बघा.

परवा निघताना आईने सॅक उचलून बघितली. "हलकी आहे की रे!" म्हणाली आणि अर्धा किलो कुंदा, मेतकुटाची बरणी आणि बासमतीची पिशवी आत कोंबली. माझं सव्वा किलो तिने तिथल्या तिथे भरून काढलं.