सायकलींचं माहेर : नॉटिंगहॅम

नॉटिंगहॅम म्हटलं की सगळ्यांना रॉबिन हूड आठवतो. भारतातून पाहुणे आले की आपणही त्यांना किल्ल्यापाशी नेतो, धनुष्य ताणलेल्या त्या पुतळ्याशेजारी उभं करून फोटो काढतो आणि जेवायच्या वेळेला घरी परत आणतो. मला स्वतःला रॉबिन हूडचं फारसं अप्रूप नाही. माझ्या लेखी हे गाव रॅले सायकलीचं. इथले लोक 'रॅली' म्हणतात, पण आपल्याकडे सगळे 'रॅले'च म्हणत आले, तेव्हा या लेखात तेच चालू द्या.

आपल्यापैकी जे पन्नास-साठच्या दशकांत पुण्याकडे किंवा सांगली-कोल्हापूरकडे वाढले त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. घरात एक सायकल असायची आणि ती वडिलांची असायची. तिला दर वर्षी कराचा बिल्ला लावायचा. संध्याकाळी दिव्याशिवाय निघालं किंवा डबल सीट गेलं तर पोलीस शिट्टी मारायचा. वर्षातून एकदा ती 'ओव्हरऑइलिंग'ला जायची. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग हे मला इंग्लंडात आल्यावर कळलं, पण तेल भरपूर घालत असल्यामुळे आपला शब्दच जास्त बरोबर वाटतो. हर्क्युलिस, बीएसए, रॅले ही नावं आम्हाला देवांच्या नावांइतकी पाठ होती. त्यात रॅलेवाल्याचा तोरा वेगळाच. हर्क्युलिस आणि बीएसए मूळच्या बर्मिंगहॅमच्या आणि रॅले नॉटिंगहॅमची, म्हणजे लेस्टरच्या आमच्या घरापासून आगगाडीनं जेमतेम अर्ध्या तासावरची.

स्टेशनवरून पश्चिमेला लेंटन भागाकडे चालत निघालात तर साधारण अर्ध्या तासात लेंटन बुलेव्हार्ड लागतो. तिथे रॅलेच्या जुन्या मुख्य कचेरीची भव्य इमारत अजून उभी आहे. १९३१ सालची. भिंतीवरची कोरीव शिल्पं मान वर करून नीट बघा. गुटगुटीत बालदेवदूत सायकली जोडताहेत! आपल्याकडे विश्वकर्म्याला पान्हा धरून बसवावं तसलाच प्रकार. आमच्या सौ.ना त्या देशी तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "देवदूतांना पगार काय देत असतील?"

प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. फ्रँक बोडन हा गृहस्थ दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानं सायकल चालवू लागला आणि १८८७ साली त्यानं रॅले स्ट्रीटवरचा एक छोटासा कारखानाच विकत घेतला. तेव्हा तिथे आठवड्याला तीन सायकली होत होत्या. १९५०च्या दशकात हाच आकडा वर्षाला दहा लाखांच्या घरात गेला आणि त्यातल्या पुष्कळशा बोटीनं परदेशी जात. हजारो माणसं कामाला होती. अॅलन सिलिटोच्या कादंबरीवरून १९६० साली निघालेला 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' हा चित्रपट मिळाला तर जरूर बघा. अल्बर्ट फिनी ज्या यंत्रावर उभा आहे ते ह्याच कारखान्यातलं.

पण एवढी माणसं लागत असतानासुद्धा वेस्ट इंडीजहून आलेल्या काळ्या लोकांना त्या काळात इथे दार बंद होतं. जमैकात रॅले सायकली भरपूर खपत. नॉटिंगहॅमच्या जमैकन मंडळींनी तिकडच्या नॉर्मन मॅन्ली यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं, तिकडून सायकली बंद करण्याचा दबाव आला आणि मग दार उघडलं, असं इथे सांगतात. पुढे त्याच मुख्य कचेरीच्या इमारतीत मार्कस गार्वी ह्या जमैकन पुढाऱ्याच्या नावाचं केंद्र सुरू झालं. आपण मंडळाच्या हॉलच्या भाड्यावरून चर्चा करतो तेव्हा मला हटकून ती इमारत आठवते.

कारखाना मात्र आता नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये नॉटिंगहॅममध्ये शेवटची रॅले जोडली गेली. ट्रायम्फ रोडवरच्या कारखान्याच्या जागेवर त्याआधीच, १९९९ साली, विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस उभा राहिला होता. तळी, बदकं, लाकडी भिंतींच्या इमारती. सुंदर आहे, नाही असं नाही. पण वंगणाचा वास कुठेच येत नाही.

मग राहिलं काय? राहिल्या सायकली. लोकांच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये, जाळीजळमटांत. माझ्याकडची अशीच एका वृद्ध बाईंच्या बागेतल्या खोपटातून आली. काळा रंग, रॉडचे ब्रेक, ब्रुक्सची चामड्याची सीट, पुढच्या चेनव्हीलमध्ये कापलेली बगळ्याची तोंडं. मागच्या चाकाच्या हबवरचा मळ घासलेटनं पुसला (इथे घासलेट 'पॅराफिन' या नावानं मिळतं) आणि खाली अक्षरं निघाली : 'एडब्ल्यू', ५४, ९. म्हणजे सप्टेंबर १९५४. स्टर्मी-आर्चर कंपनी हबवर वर्ष आणि महिना ठोकत असे, त्यामुळे जुन्या सायकलीची कुंडली तिथेच वाचता येते. मात्र कुणी मागचं चाक बदललेलं असलं तर कुंडली चाकाची निघते, सायकलीची नव्हे!

हा एडब्ल्यू हब म्हणजे तीन गिअरची डबी. १९३६ साली निघाला. मधला गिअर सरळ, खालचा पाव भागानं हलका, वरचा एक तृतीयांशानं जड. सगळी दातेरी चाकं आत बंद, बाहेर तेल घालायला फक्त एक छोटं टोपण. महिन्याला चार थेंब तेल, बस्स. माझा हब अख्खा आयुष्यभर चालून पुन्हा चालू झाला. छर्रे बदलले, चाकाचा आऊट काढला, एवढंच.

खरी कसोटी कॉटर पिनांची. क्रँक आसाला घट्ट धरून ठेवणारी ही पाचर साठ-सत्तर वर्षांनी अशी गंजून बसते की हलतच नाही. आपल्याकडे दुकानदार हातोडीचे दोन दणके घालून मोकळा होतो, पण त्या दणक्यांनी आतल्या छर्ऱ्यांची वाटी खराब होते. रॅलेत नोकरी केलेले एक आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी मला स्क्रूचा दाब देऊन पिन बाहेर काढायचं हत्यार दाखवलं. आवाज नाही, दणका नाही. कट्कन सुटली. नव्या पिना आणि अठ्ठावीस-दीडचे टायर मी भारतातून येताना आणले. इंग्लंडच्या सायकलीचे भाग इंग्लंडात सहज मिळेनात आणि गावाकडच्या दुकानात ते दोरीला टांगलेले! अठ्ठावीस-दीड हे माप तिकडे अजून रोजच्या वापरातलं आहे. रॅलेनं १९५०च्या दशकात आसनसोलला सेन-रॅले हा कारखाना काढला होता, मद्रासकडे हर्क्युलिस होऊ लागली होती. मुलगी सासरी नांदली आणि माहेर मात्र ओस पडलं, असा हा प्रकार.

ह्यानंतर आमच्या घरात वादाचा विषय निघाला तो रंगाचा. मुलाचं म्हणणं, सँडब्लास्ट करून नवा चकचकीत काळा रंग द्या, सोनेरी रेघा मारून घ्या. हौशी लोकांतही ह्यावरून दोन तट आहेत. १९५५ पासून चालत आलेल्या व्हेटरन-सायकल क्लबासारख्या संस्थांत दोन्ही मतांची माणसं भेटतात. एक म्हणतात, कारखान्यातून निघाली तशी करा. दुसरे म्हणतात, तेलाचं फडकं फिरवा आणि हात आवरा. मी दुसऱ्या पंगतीत बसलो. दांडीवरचा रंग एका ठिकाणी पार पत्र्यापर्यंत घासला गेलाय. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे पिशवी अडकवली असणार. तो रंग पुन्हा देता येईल, पण ती पिशवी पुन्हा कुठून आणायची? मुलाला हे पटलेलं नाही. तो आता विषय काढत नाही, एवढंच.

ही सायकल घेऊन मी उन्हाळ्यात नॉटिंगहॅमहून साउथवेलला जातो. चौदा-एक मैल. वरच्या गिअरमध्ये हबची टिक्-टिक् चालू असते, चढाला खालचा टाकला की एकदम गप्प. पाऊस आला तर मात्र उतरून चालावं, कारण स्टीलच्या ओल्या रिमवर रॉडचे ब्रेक नुसते देखल्या देवा दंडवत घालतात. साउथवेलच्या मिन्स्टरमध्ये तेराव्या शतकातली दगडी पानं कोरलेली आहेत, ती चुकवू नका. ब्रॅम्ली हे स्वयंपाकाचं आंबट सफरचंदही ह्याच गावचं. आमच्याकडे त्याचं लोणचं होतं आणि ते कैरीच्या बरंच जवळ जातं.

गेल्या सप्टेंबरात अकरा वर्षांच्या नातीला बरोबर घेतलं होतं. सीटवर तिचे पाय पोचेनात. म्हणून ज्युबिली कॅम्पसच्या मोकळ्या रस्त्यावर तिला कैची शिकवली : डावा हात हँडलवर, उजवी बगल सीटवर, उजवा पाय दांडीखालून पलीकडच्या पायडलवर आणि अर्धं-अर्धं पायडल मारत पुढे. रॅलेवाले आजोबाही आले होते. चाळीस वर्षं सायकली केल्या, पण ही अशी चालवताना पाहिली नव्हती म्हणाले. जिथे ती केली गेली त्याच जागेवर सायकल वाकडीतिकडी जात होती, मी मागे कॅरियर धरून धापा टाकत पळत होतो आणि बदकं बाजूला होत होती. "आजोबा, सोडू नका हं!" ती ओरडत होती. तेव्हा कॅरियर सोडून मला बराच वेळ झाला होता.