नार्व्याचा सप्तकोटीश्वर

डिचोलीहून मयेचे तळे मागे टाकून नार्व्याच्या वाटेला लागले की आधी आमराई आणि कुळागरे लागतात, मग रस्ता नदीकडे उतरतो. समोरच्या तीरावर दिवाड बेट. तेथेही एक नार्वे आहे आणि तेच या देवाचे मूळ स्थान. देवाबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून आले, असे येथील लोक मानतात.

मोठ्या शिखराच्या अपेक्षेने येणाऱ्या यात्रेकरूची येथे थोडी निराशा होते. मंगेशीच्या सातमजली दीपमाळेची भव्यता डोळ्यांत साठवून आम्ही आलो होतो. समोर पाहिले तर डोंगराच्या कुशीत टेकलेले एक बुटके कौलारू देऊळ! पुढे उभी दीपमाळ, मागे उतरत्या छपराचा सभामंडप आणि गर्भागारावर अष्टकोनी बैठकीवर बसविलेला बसका घुमट. बांधणी एवढीच. परंतु या घुमटापाशी अंमळ थांबावे. खालचा गाभारा चौकोनी. वर चारही कोपरे छाटून अष्टकोन साधलेला आणि त्यावर गोल घुमट, अशी ती चढती रचना आहे. काहींना हा घुमट मोगली वाटतो, तर मंडप फिरंगी वळणाचा. आमच्या मते त्याला गोमंतकी म्हणावे हेच बरे. येथला चिरा सच्छिद्र व खरबरीत. त्यावर नाजूक कोरीव काम उठत नाही. तेव्हा गवंड्याने सौंदर्य शोधले ते चुन्याच्या गिलाव्यात आणि प्रमाणबद्धतेत. शिवाय वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या मुलखात छप्पर उतरते नि कौलारू असावे लागते, ते हौसेखातर नव्हे.

देवळाच्या या आटोपशीरपणाला इतिहासही कारण आहे. सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत. आपल्या बिरुदांत ते त्याच्या वरप्रसादाचा अभिमानाने उल्लेख करीत. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत दिवाडचे देऊळ भंगले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. देवाचे लिंग विहिरीच्या कामी लावले होते आणि भक्तांनी ते गुपचूप पैलतीरी आणले, अशी कथा सांगतात. पैलतीर म्हणजे डिचोलीचा प्रदेश. तो तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर होता. परागंदा देवाला तेथे जो निवारा मिळाला, तो साधाच होता.

त्या निवाऱ्याचे देवालय केले शिवछत्रपतींनी. प्रवेशद्वारावरील संस्कृत शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर असा काल नोंदलेला असून इतिहासकार १३ नोव्हेंबर १६६८ ही तारीख देतात. लेख अगदी थोडक्या ओळींचा आहे. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना आवर्जून दाखवावा असा. ओळखीची देवनागरी दगडावर कोरलेली पाहताना ती नकळत अक्षरे जुळवू लागतात.

आत गाभाऱ्यात पैलू पाडलेले धारालिंग आहे. गुळगुळीत बाणलिंगांना सरावलेल्या नजरेला ते वेगळे भासते. उजव्या अंगाला काळभैरवाचे स्थान आणि त्याबाहेर दगडात कोरलेल्या पादुका. थोडे पुढे दोन जुने दगडी स्तंभ दिसतात. ते कदंबकालीन असावेत. मागल्या चिऱ्याच्या डोंगरात खोदलेल्या गुहा आहेत. घाईचे यात्रेकरू तिकडे फिरकत नाहीत. आपण अवश्य जावे.

अलीकडच्या काळात गोव्यातली कित्येक जुनी देवळे पाडून सिमेंटची, संगमरवरी फरशीची प्रशस्त मंदिरे उभी राहिली. भक्तांची सोय झाली, हे नाकारता येत नाही. पण जुनी बांधणी वाचण्याची संधी कायमची गेली. नार्व्याला हा मोह टळला. राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याने जुने रूप राखून जीर्णोद्धार केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले. मंडप मात्र तेवढाच राहिला.

त्याची अडचण गोकुळाष्टमीला जाणवते. शंकराच्या दारी कृष्णजन्माची जत्रा, हेही नार्व्याचेच वैशिष्ट्य! त्या दिवशी पंचगंगेच्या तीर्थावर स्नानासाठी हजारोंचा समुदाय लोटतो. श्रावणसरींचे दिवस असतात, म्हणून जाणाऱ्यांनी छत्री घ्यावी आणि दर्शनाला वेळ लागेल हे धरून चालावे.